घुगरवाडीचं नाव आणि घुगरवाडीचं भगुनं

आदिनाथ कंडक्टर अठरा वर्षं माझ्या गाडीवर होता, पण त्याचा चेहरा मी फार थोडा पाहिला. ड्रायव्हरचं तोंड रस्त्याकडे आणि कंडक्टर पाठीमागे. आरशात कधी त्याची टोपी दिसायची, कधी तिकिटांची पेटी, कधी नुसताच खाकी बाहीतला हात. मी त्याला ओळखतो ते आवाजावरून. गाडीत पोरं रडोत, कोंबड्या ओरडोत, त्याचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून माझ्यापर्यंत यायचा. मी बोलणारा माणूस नाही. तो दोघांच्या वाटचं बोलायचा.

त्याच्याबद्दल लिहायला मला निकिता मॅडमनी सांगितलं. त्या कोण, ते पुढे येईल. मी म्हणालो, लॉगशीट भरण्यापलीकडे मला काही लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग लॉगशीटसारखंच लिहा. गाडी कुठून सुटली, कुठं थांबली, कुठं पोचली." तसंच लिहितो.

आदिनाथला एक खोड होती. तिकीट फाडता फाडता तो गावाच्या नावाची गोष्ट सांगायचा. कुणी गावाचं नाव घेऊन दोन तिकिटं मागितली, की हा विचारणार, "त्या गावाला ते नाव कामून पडलं, म्हाईत हाय का?" समोरचा गप्प राहिला की याची गोष्ट सुरू. कुठल्या गावाला वाघाला काठीनं हाकलणारी म्हातारी, कुठल्या गावाला सात भावांची एकच विहीर. सगळं तिथल्या तिथं रचलेलं, आणि मध्ये मध्ये तिकिटाला पंच मारल्याचा आवाज.

एकदा सेलूच्या गाडीवर कापूस घालून परतणाऱ्या एका शेतकऱ्यानं त्याला धरलं.

"ओ कंडक्टर, काल तुमी ह्याच गावाची दुसरी गोष्ट सांगितली व्हती."

"काल गाडी दुसरी व्हती, पाव्हणं."

"गाडीचा काय संबंध?"

"काल साधी गाडी व्हती. आज निमआराम हाय. गोष्टबी जरा आरामशीर नको का?"

सगळी गाडी हसली. मला हसताना गिअर सापडेना.

घुगरवाडीची गोष्टही त्यानं अशीच सांगितली होती, असं मी तेव्हा समजलो. पण ती तिकिटाबरोबर संपणारी नव्हती.

वर्ष २००३. आम्ही तेव्हा सोनपेठच्या बाजूला आडमार्गावर होतो. घुगरवाडी म्हणजे चाळीसेक घरं. गाडी गावात जात नाही; फाट्यावर एक लिंब आहे, तिथं थांबते. त्या दिवशी सोनपेठचा बाजार होता आणि परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या मागच्या तिघांच्या बाकावर दोघीच बसल्या होत्या. तिसऱ्या जागेवर पिशवी होती. पिशवी बायनाबाईची. घुगरवाडीतलं मोठं घर त्यांचं, आणि त्या घरापेक्षा त्यांची जीभ मोठी, असं गाडीतल्या बायका हळूच म्हणायच्या.

समोर सरजाबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नवरा नाही, मूलबाळ नाही, दोन एकर रान आणि बाजारात भाजीची पाटी. त्या दिवशी डोक्यावर रिकामी पाटी, हातात गाठोडं.

"बायनाकाकू, तेवढी पिशवी मांडीवर घेता का?"

"पिशवीत बांगड्या हाईत काचंच्या. फुटल्यावर कुनाच्या दारात जायचं मी? तुझ्या घरी ना पुढं कोनी, ना मागं कोनी."

मग मागून आदिनाथचा आवाज आला.

"घुगरवाडी ना? अवो सरजाबाई, तुमच्या घराण्यावर पिशवीची जागा मागायची येळ आली?"

"माझं कसलं घरानं?" सरजाबाई म्हणाल्या.

"बगा, म्हाईतच न्हाई गाडीला! निजामाच्या राज्यात, रझाकाराच्या आधी वीस-पंचीस वर्षं, मोठा दुष्काळ पडला. लोक गाव सोडून निघाले. तवा ह्यांच्या आजेसासूनं काय केलं? बियाण्याची कणगी फोडली. दाणा न् दाणा भगुन्यात घातला, घुगऱ्या शिजवल्या अन् रस्त्यावर जाऊन बसली. गावाला घातल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला घातल्या. लोक माघारी फिरले. मनून त्या गावाला घुगरवाडी मनत्यात. न्हाईतर बायनाबाई, आज तुमचं तिकीट मी कुठलं फाडलं असतं?"

"मला तर कवा कुनी सांगितलं न्हाई हे!" बायनाबाई म्हणाल्या.

"सांगनार कोन? सरजाबाईला बढाई मारायची सवय न्हाई."

पिशवी मांडीवर गेली. सरजाबाई बसल्या. आरशात मला त्यांचं तोंड नीट दिसलं. त्या आदिनाथकडे टक लावून पाहत होत्या, बराच वेळ. स्वतःच्या घराची थोरवी पहिल्यांदा ऐकली म्हणून असेल, असं मला वाटलं.

फाट्यावर माणसं उतरल्यावर मी मान वळवून विचारलं, "खरी हाय का रे गोष्ट?"

"महारुद्रअण्णा, बाकावर जागा व्हती का न्हाई?"

"व्हती."

"ती जागा खरी व्हती. बस." आणि त्यानं डबल बेल दिली.

इथंच हे संपलं असतं. पण पुढच्या फाल्गुनात, ज्वारीची खळी झाल्यावर, बाजारच्या दिवशी घुगरवाडीच्या फाट्यावर लोक गाडीला आडवे आले. मला वाटलं अपघात झाला. खाली पाहतो तर लिंबाखाली तीन दगडांची चूल, चुलीवर मोठं भगुनं आणि भगुन्यापाशी पळी घेऊन सरजाबाई. नव्या ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या, वरून कांदा आणि तेल-तिखट, पळसाच्या पानांचे द्रोण.

"कंडक्टरसाहेब," सरजाबाई म्हणाल्या, "गोष्ट तुमी सांगितली ना? मंग खा आता."

पहिली मूठ कुणाला, यावर बायका थोड्या थांबल्या. बायनाबाईंनीच निकाल दिला, "आजेसासूचा मान हाय तो," आणि लिंबाच्या बुडाशी पानावर एक मूठ ठेवून हात जोडले. मग सगळ्या गाडीला द्रोण. दहा मिनिटं गाडी थांबली. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. एकाची पाच भगुनी झाली, ज्याच्या त्याच्या खळ्यावरून पायलीभर दाणे यायला लागले. प्रत्येक वर्षीची ती दहा मिनिटं मी लॉगशीटवर कधी लिहिली नाहीत. आज इथं लिहितो.

सरजाबाईंचं गावातलं उभं राहणं बदललं. लग्नात पंगतीला वाढायला पहिली हाक त्यांना. भांडण झालं तर लोक त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. गाडीत त्या चढल्या की दोन-तीन बायका आपापल्या पिशव्या उचलायच्या, जागा असो वा नसो. आदिनाथ सुरुवातीला खूष होता. पुढे पुढे फाटा जवळ आला की तो गप्प व्हायला लागला. एकदा म्हणाला, "अण्णा, ही गोष्ट लय फुगली. मी तर एका पिशवीपुरती सांगितली व्हती."

आम्ही दोघं रिटायर झालो. मी बोरीला राहतो, तो सोनपेठला. महिन्यातून एकदा मी त्याच्याकडे जातो, तो बोलतो, मी चहा पितो, संध्याकाळच्या गाडीनं परत.

गेल्या वर्षी माघात मी असाच गेलो तर ओसरीवर निकिता मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. त्या कॉलेजात मराठी शिकवतात आणि आपल्या भागातल्या गावांच्या नावांचं पुस्तक करतात. गोष्टी सांगणारा कंडक्टर म्हणून त्यांना कुणीतरी आदिनाथचं नाव दिलं होतं. बाकीच्या गावांच्या गोष्टी रचलेल्या आहेत, हे त्यानं आपण होऊन हसत हसत कबूल केलं होतं. घुगरवाडीशी आल्यावर मात्र तो अडखळला. गोष्ट त्यांना आधीच गावातून कळलेली होती.

"काका, ही गोष्ट तुम्ही कशाची सांगता?" मॅडमनी विचारलं. "व्युत्पत्तीची की उत्पत्तीची?"

"दोन्ही एकच की, मॅडम."

"नाही ना. वस्तू किंवा रीत कुठून सुरू झाली, ती तिची उत्पत्ती. आणि तिला जे नाव आहे, तो शब्द कुठून आला, कसा बदलत बदलत आपल्यापर्यंत पोचला, ती त्या शब्दाची व्युत्पत्ती. तुमचंच घ्या. पहिला कंडक्टर गाडीत कधी उभा राहिला, ही एक चौकशी. कंडक्टर हा शब्द कुठल्या भाषेतून आला, ही दुसरी. दुसरीचं उत्तर मिळालं म्हणजे पहिलीचं मिळालं, असं होत नाही."

आदिनाथनं थोडा विचार केला. "म्हंजी बाळंतपण येगळं अन् बारसं येगळं."

मॅडम खूप हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तर घुगरवाडीचं बारसं तुमच्या गोष्टीत बसत नाही, काका. मला एक जुना उर्दू कागद वाचून घेता आला. तुम्ही सांगता त्या दुष्काळाच्या चाळीस वर्षं आधीचा. त्यात घुगरवाडी हेच नाव आहे. म्हणजे त्या बाईनं घुगऱ्या घातल्या असतील, पण गावाचं नाव त्यावरून पडलेलं नाही. मग कशावरून पडलं, ते मला अजून माहीत नाही, आणि मी तसंच लिहिणार."

"लिवा. त्याचं काय न्हाई," आदिनाथ म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

"पण फाट्यावरच्या जेवणाचं पक्कं आहे ना? ते त्या आजेसासूपासून. रीत मध्ये थांबली असेल, नातसुनेनं पुन्हा सुरू केली. ही उत्पत्ती मी छापते. यंदा घुगऱ्यांच्या दिवशी येते, सरजाबाईंचा फोटो घेते."

मॅडम गेल्या. आदिनाथच्या बशीतला चहा तसाच राहिला.

"अण्णा, बारसं चुकलं तर चुकू दे. पण मॅडम बाळंतीणच खोटी छापायल्यात. अन् त्या जेवणाची उत्पत्ती मला न्हाई तर कुनाला म्हाईत? आपल्या गाडीत, तुमच्या शिटाच्या मागं झाली ती."

"मग सांगून टाक मॅडमला."

"मॅडमला सांगितलं की गावाला कळलं. गावाला कळलं की बायनाबाईला कळलं. ती बाई एकवीस वर्षं त्या लिंबाला हात जोडायलीय. सरजाबाईला काय ठिवंल ती? गावात उभं राहू देईल का?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "तुमी सांगता का? तुमी कमी बोलणारे. तुमचं कुनी मनावर घेत न्हाई."

मी नको म्हणालो. मला असली कामं जमत नाहीत, हे खरं. पण ती गोष्ट त्याची होती, हेही खरं.

महिनाभर त्याचं हेच चाललं. सांगावं तर सरजाबाईंचा मान जाणार, न सांगावं तर खोटं पुस्तकात कायमचं बसणार. शेवटी त्यानं ठरवलं, की आधी सरजाबाईंना एकटं गाठून सांगायचं आणि त्या म्हणतील तसं करायचं.

फाल्गुनातल्या त्या दिवशी आम्ही आधीच्या गाडीनं फाट्यावर उतरलो. पण सरजाबाई एकट्या कशा सापडणार? पाच चुली, पंचवीस बायका, द्रोण लावणारी माणसं. मॅडमही लवकर आल्या होत्या. बायनाबाई आता ऐंशीच्या झाल्यात, काठी घेऊन लिंबाच्या पारावर बसलेल्या. सरजाबाई मधल्या भगुन्याशी, सत्तरी ओलांडलेली बाई, पण पळी अजून घट्ट धरलेली.

आदिनाथ त्यांच्याजवळ जाऊन वाकला.

"सरजाबाई, एक सांगायचंय."

"खाऊन सांगा."

"खायच्या आधी सांगायचंय."

"मंग बोला."

आता इथं एक घोटाळा झाला. जन्मभर भरलेल्या गाडीत बोललेला माणूस, त्याला हळू बोलणं येतच नाही. त्याला वाटलं आपण कानात बोलतोय. ते पाराच्या पलीकडे शेळ्या राखणाऱ्यालाही ऐकू गेलं असेल.

"ती आजेसासूची गोष्ट मी रचली व्हती. गाडीत. तुमाला जागा मिळावी मनून. तसलं काय बी झालेलं न्हाई. मला माफ करा."

सगळ्या चुलींवरच्या पळ्या थांबल्या. मॅडमची लेखणी थांबली. मी लिंबाकडे पाहत राहिलो, कारण माणसांकडे पाहायचा धीर नव्हता.

सरजाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि हसायला लागल्या. हसू आवरेना, तेव्हा पळी भगुन्यावर टेकवली.

"हे सांगायला एकवीस वर्षं लागली? तुमची गाडी लय लेट हाय की, साहेब!"

आदिनाथचं तोंड उघडंच. "तुमाला म्हाईत व्हतं?"

"माझी आजेसासू मला म्हाईत नसंल व्हय? मी नांदायला आले तवा म्हातारी जित्ती व्हती. चाव्यांचा जुडगा उशाखाली घेऊन निजायची. कोंबड्यांना टाकलेले दाणे परत येचायची. दुष्काळ पडू दे न्हाईतर आभाळ पडू दे, ती कणगी फोडनारी नव्हती."

"मंग त्या दिवशी बोलल्या कामून न्हाईत?"

"पाय दुखायले व्हते. जागा मिळाली, बसले." पुन्हा हशा झाला. मग त्या जरा हळू बोलल्या. "घरी गेले अन् कणगीकडं बगितलं. सगळ्या गाडीला वाटलं, ह्या घरातली बाई असं करती. म्हातारीनं केलं न्हाई तर न्हाई. मला कोन आडवतंय? पयल्या वर्साला भीती वाटली, बियाणं संपतंय का काय. न्हाई संपलं."

आता सगळ्यांचं लक्ष बायनाबाईंकडे. त्यांनी काठी आपटली.

"म्हंजी एवढे दिवस मी त्या चिकट म्हातारीच्या नावानं हात जोडायलेय?"

"मी कवा मनलं जोडा मनून?" सरजाबाई म्हणाल्या.

"मला सांगायचं तरी!"

"काकू, तुमी कुनापुढं हात जोडलेले गावानं पयल्यांदाच बगितले व्हते. मोडावंसं वाटंना."

बायकांनी पदर तोंडात कोंबले, पण बायनाबाई स्वतःच फसकन हसल्या आणि मग कुणालाच थांबवता येईना. हसू ओसरल्यावर त्या उठल्या, काठी टेकत भगुन्याशी आल्या, द्रोणात पहिली मूठ घेतली. लिंबाकडे गेल्या नाहीत. द्रोण सरजाबाईंच्या हातात दिला.

"धर. ज्यानं शिजवलं त्याचा मान. खा माझ्यासमोर."

एकवीस वर्षांत सरजाबाई नेहमी सगळ्यांच्या शेवटी खायच्या. त्या दिवशी पहिला घास त्यांनी खाल्ला, उभ्या उभ्या. "मीठ कमी झालंय," म्हणाल्या.

"ये, बस हितं," म्हणत बायनाबाईंनी पारावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मॅडम वही घेऊन पुढे आल्या. "मग सरजाबाई, मी काय लिहू?"

"म्हातारीचं नाव काढा. माझं लिवा. अन् ह्या कंडक्टरचंबी लिवा. गोष्ट रचनारा ह्यो, शिजवनारी मी."

"माझं नको, मॅडम," आदिनाथ म्हणाला.

"लिवा वो तुमी. आता लाजायलाय!"

मॅडमनी तिथंच उभ्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: घुगरवाडी हे नाव कशावरून आलं ते अद्याप सापडलेलं नाही. फाट्यावर घुगऱ्या वाढण्याची रीत २००४ साली सरजाबाईंनी सुरू केली. तिचं निमित्त आदिनाथ कंडक्टरांनी गाडीत सांगितलेली एक गोष्ट. बायनाबाईंनी विचारलं, "अन् पिशवी कुनाची व्हती, ते?" मॅडमनी तेही लिहिलं.

तेवढ्यात गाडी आली. नवा कंडक्टर, नवा ड्रायव्हर, पण थांबायचं त्यांना कुणी सांगावं लागत नाही. सगळ्या गाडीला द्रोण गेले. आम्ही त्याच गाडीनं निघालो. आदिनाथ आणि मी एका बाकावर, शेजारी शेजारी. इतकी वर्षं एका गाडीत काढली, पण असं बसून प्रवास केल्याचं मला आठवत नाही. त्याच्या भुवया पूर्ण पांढऱ्या झाल्यात, आणि हसला की डाव्या गालावर खळी पडते. आरशात ती कधी दिसली नव्हती.

पुढच्या बाकावरची एक बाई द्रोणातल्या घुगऱ्या खात मागे वळली. परभणीची असावी. "ओ काका, ह्या गावाला घुगरवाडी ह्याच्यावरूनच म्हणतात का?"

आदिनाथ सावरून बसला. "बाई, तुमाला उत्पत्ती पायजे का व्युत्पत्ती?"

"खरी कोणती?"

"जेवणाची उत्पत्ती खरी हाय, पुस्तकात यायलीय. नावाची व्युत्पत्ती मॅडमलाबी म्हाईत न्हाई."

"मग जी माहीत नाही, ती सांगा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी भरल्या गाडीत कधी बोललेलो नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"सांग की, आदिनाथ. पण साधी गाडी हाय. थोडक्यात सांग."

सगळी गाडी हसली. त्यानं घसा साफ केला.